मागचे पाटे वाढवण्याआधी गाडी काट्यावर न्या

डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे पाच-साडेपाच वर्षांची डबल कॅब व्ही-क्रॉस पिकअप आहे. मागे कॅनोपी, म्हणजे हौद्यावरचं झाकण, आणि हत्यारांची पेटी कायमची बसवलेली. ऑक्टोबर ते मे दर रविवारी फायबरची होडी ट्रेलरवर घालून ते शिवोलीला नेतात. ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू बसते, समोरचे लोक दिवे मारून शिव्या देतात. पावसाळ्यात केरीकडच्या काजूच्या बागायतीत जायचं असतं. तिथे होडी नसते, गाडी हलकी असते, आणि चढावर ती नाचते, मागचं एक चाक नुसतं फिरत राहतं. एक गॅरेजवाला सांगतो दोन जाड पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवू, दुसरा म्हणतो एअर बॅग घाला, म्हणजे ॲक्सलवर टेकू देणारी हवेची पिशवी, तिसरा म्हणतो दोन इंच उचलून टाकू. यातलं काय करावं?

मी फोंड्याकडे पाट्यांचंच काम करतो. सुरुवात खाणीवरच्या टिपरपासून झाली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, टिपर दारात उभे राहून गंजले, तेव्हा आम्ही पिकअप आणि जीपकडे वळलो. त्यामुळे माझा हात मुळात जड वजनावर बसलेला. तो हलका करायला मला बरीच वर्षं लागली, हे आधीच कबूल करतो. त्याचा किस्सा पुढे येईल.

तुम्हाला तिघांनी सांगितलेले तीन उपाय तीन वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत. तुमच्या गाडीवर एक वजन रोज असतं, म्हणजे कॅनोपी आणि पेटी. दुसरं आठवड्यातून एकदा येतं, तेही गाडीत नाही, हुकवर. आणि तिसरी तक्रार वजन नसतानाची आहे. पहिल्या दोघांना कडक पाटा हवा, तिसरीला नरम. एकाच पाट्यांच्या जोडीकडून हे सगळं एकाच वेळी शंभर टक्के मिळणार नाही. कुठे किती सोडायचं ते ठरवावं लागेल, आणि ते ठरवायला आकडे लागतात.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी वजनकाट्यावर जा. टाकी भरलेली, तुम्ही आत बसलेले, पेटीत नेहमीची हत्यारं. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. नंतर ट्रेलर जोडून हेच पुन्हा करा, ट्रेलर काट्याच्या बाहेर राहील असा. शेवटी होडीसकट एकटा ट्रेलर. काटेवाला कंटाळेल, त्याला चहा पाजा. या पावत्यांवर जे दिसतं ते मला गाडीखाली झोपूनही दिसत नाही.

आता हुकवरच्या वजनाची गंमत बघा. ट्रेलरचा दांडा हुकवर १०० किलो टेकतो असं धरू. हुक मागच्या ॲक्सलपासून साधारण १.२ मीटर मागे असतो आणि तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, जवळजवळ ३.१ मीटर आहे. म्हणजे ही एक सी-सॉ झाली. मागच्या ॲक्सलवर १०० नाही, १३९ किलो येतात, आणि वरचे ३९ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. तेच १०० किलो हौद्यात बरोबर ॲक्सलच्या वर ठेवले असते तर १००च भरले असते. स्टिअरिंग हलकं लागतं, दिवे आभाळाकडे जातात, ब्रेक मारला की पुढची चाकं लवकर घसरतात, त्याचं मूळ इथे आहे. पाटे कडक केले तर गाडी दिसायला सपाट होईल, दिवेही थोडे खाली येतील. पण पुढून उचललेले किलो पुढे परत येत नाहीत. हे कुठलंच गॅरेज सांगत नाही, कारण गिऱ्हाईक गाडीच्या मागे उभं राहून फक्त उंची बघतं.

म्हणून दुसरं मोजमाप हुकवरच्या वजनाचं. सपाट जागेवर, ट्रेलर गाडी जोडलेली असताना जितका आडवा असतो तितका आडवा ठेवून, दांड्याचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावरून घरातल्या वजनकाट्यावर टेकवा. आधी चाकांना ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडण, लावा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आकडा असावा. होडीच्या ट्रेलरला त्याहून थोडा कमी चालतो. होडीवाले घाईत होडी पुढे विंचपर्यंत (होडी ओढायच्या चरखीपर्यंत) खेचतात, त्यात पुढे बॅटरी, पेट्रोलचा डबा, नांगर आणि बर्फाची पेटी, आणि मग दांडा उचलायला दोन माणसं लागतात. समजा ५०० किलोची होडी आहे आणि हुकपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत ४ मीटर आहेत. होडी फक्त २० सेंटीमीटर मागे घेतली तरी हुकवरचे २५ किलो कमी होतात, म्हणजे तुमच्या मागच्या ॲक्सलवरचे जवळजवळ ३५. हे काम एका पान्याने होतं. विंचचा खांब सरकवायचा आणि बोल्ट कसायचे.

पण या बाजूला हात सैल सोडू नका. हुकवर वजन फार कमी झालं, किंवा होडीचं इंजिन मागे लटकून दांडा वर उचलायला लागला, तर ट्रेलर शेपटीसारखा झुलतो. म्हापशाकडे उतारावर ताशी साठच्या वर एकदा तो झुलू लागला की सावरायला फार थोडा वेळ मिळतो. त्या वेळी स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं. दहा टक्क्यांच्या खाली जाताना पाव-पाव इंचाने जा, आणि आधी मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात तपासा.

आता पाटे. व्ही-क्रॉस असो, हायलक्स असो की बोलेरो कॅम्पर, मागे पाटेच आहेत, आणि पाट्याचं गणित सगळीकडे एकच. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. ८ मिलिमीटरचा पाटा काढून १० मिलिमीटरचा घातला तर तो सव्वापट नाही, जवळजवळ दुप्पट कडक होतो. 'दोन मिलिमीटरच तर आहे' असं म्हणणारा कारागीर चुकतो तो इथे. आखूड पाटाही असाच. नीट बनवलेल्या संचात खालचे पाटे पायरीपायरीने आखूड होत जातात, कारण ताण लांबीभर वाटला जावा. मधेच एक आखूड जाड पाटा खुपसला की वरचा मेन पाटा त्याच्या टोकापाशीच वाकतो, आणि एक दिवस तिथेच तुटतो. तुटलेला पाटा हातात घेतला तर भेग कुठून सुरू झाली ते स्पष्ट दिसतं. आमच्या शेडच्या कोपऱ्यात अशा तुकड्यांचा ढीग आहे. नवीन पोरगा कामाला आला की त्याला आधी तो ढीग दाखवतो.

तो किस्सा आता सांगतो. खाणी थांबल्यानंतरची पहिली दोन वर्षं. चिरे वाहणारा एक पिकअपवाला आला. गाडी बसते म्हणाला. टिपरच्या सवयीने मी दोन जाड पाटे वाढवले. भरलेली गाडी अशी चालली की तो खुश होऊन मिठाई घेऊन आला. जूनच्या पहिल्या पावसात रिकाम्या गाडीने तो अनमोड घाट उतरत होता. वळणावर खड्डा आला, मागचं ॲक्सल खड्ड्यात उतरलंच नाही, वरून उडालं, आणि गाडी फिरून डोंगराच्या बाजूला आदळली. दुसऱ्या बाजूला दरी होती. चालकाला काही झालं नाही. पाटे मी माझ्या पैशाने काढून दिले. तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारतो, रिकामी किती फिरता?

तुमच्या बागायतीतलं फिरतं चाक याच जातीचं आहे. चिखलात, चरांच्या वाटेवर, गाडीचं पुढचं एक चाक वर आणि तिरकस मागचं एक चाक खाली जातं. पाटा नरम असेल तर मागचं चाक खाली लोंबून जमीन धरतं. कडक असेल तर ते हवेत राहतं, आणि लॉक नसलेलं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर, सगळी ताकद त्या हवेतल्या चाकाला देतं. तुमच्या गाडीवर अजून कोणी पाटे वाढवलेले नाहीत तरी हे होत असेल, तर दोन गोष्टी बघा. एक, पाट्यांच्या मधे गंज फुगून ते एकमेकांना चिकटले आहेत का. दर रविवारी तुम्ही शिवोलीला गाडी मागे घेऊन खाऱ्या पाण्यात चाकं घालता, आणि ते पाणी पाट्यांच्या फटीत बसतं. चिकटलेला संच चढताना-उतरताना करकरतो आणि जवळजवळ एका अखंड पट्टीसारखा वागतो. दोन, टायरमधली हवा. चिखलात ३५ पीएसआय घेऊन जाणाऱ्याने सस्पेन्शनला दोष देऊ नये. २० ते २२ पर्यंत उतरवा, वेग कमी ठेवा, आणि डांबरावर येताच परत भरा. छोटा पंप सीटखाली ठेवायला जमतो. बागायतीतली निम्मी तक्रार तिथेच संपेल असा माझा अंदाज आहे.

संच उघडून साफ करायचा असेल तर पावसाळा संपल्यावर करा. साध्या लोखंडी पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस चालतं. टोकांना नायलॉनचे तुकडे असतील तर ते झिजले की बदलायचे, ग्रीस थापायचं नाही. रबरी बुशवर जळकं ऑइल ओतणारे कारागीर अजून आहेत, त्यांना गाडीपासून लांब ठेवा. ऑइलने रबर फुगतं आणि बुश सैल होतात. होडी पाण्यात सोडून आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने पाटे, ते ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट, ट्रेलरची हब आणि ब्रेकच्या पाट्या धुवा. सोमवारी धुतो म्हणणाऱ्याचा सोमवार कधी येत नाही, हे मी चवथीला घर रंगवायचं ठरवणाऱ्यांइतकंच ओळखतो.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे येतो.

पाटे वाढवणे: कायमच्या वजनासाठी हाच योग्य उपाय आहे, पण दोन जाड नाही. आधी जुना संच थकला आहे का ते बघा. कमान उतरून पाटे सरळ झाले असतील, किंवा दोन बाजूंच्या उंचीत फरक असेल, तर वाढवलेला पाटा थकलेल्या पाट्यांना फक्त ढकलत राहतो. तेव्हा पूर्ण संच बदला. गॅसच्या ज्वाळेवर पाटा तापवून कमान मारून देणारे स्वस्त पडतात. पण पाट्याचं पोलाद ईएन-४५ असो की एसयूपी-९, त्याला भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णतेला उतरवलेलं असतं. रस्त्यावरच्या ज्वाळेने पोलादाला दिलेलं ते पाणी, म्हणजे त्याची ताकद, उतरते. तो पाटा चार महिन्यांत पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो. संच ठीक असेल, तर मेन पाट्याच्या जवळपास लांबीचा एक पातळ पाटा घाला, काट्यावरची कॅनोपी-पेटी जेवढी भरते तेवढ्यापुरता. त्यातून गाडी रोजच्या वजनाला मूळ उंचीवर आली पाहिजे, त्याच्या वर नाही.

एअर बॅग: आठवड्यातून एकदा येणाऱ्या वजनासाठी कल्पना चांगली, कारण रविवारी हवा भरायची आणि सोमवारी सोडायची. पण एक धोका नीट समजून घ्या. पाट्यावरचं वजन चासीला दोन लांबच्या ठिकाणी पोचतं, पाट्याच्या पुढच्या डोळ्याशी आणि मागच्या शॅकलशी, म्हणजे टोकाच्या हलत्या कडीशी. एअर बॅग तेच वजन ॲक्सलच्या बरोबर वर, एकाच जागी दाबते. हुक मागे लटकलेला, बॅग मधे टेकू देऊन उभी, आणि तुम्ही खड्ड्यातून जोरात गेलात, तर चासी त्या टेकूवर काठीसारखी वाकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब गाड्यांच्या चासी कॅबच्या मागे वाकल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि त्यात बॅग जास्त फुगवलेली असणं हे एक नेहमीचं कारण. घालायची असेलच तर दोन बाजूंना वेगळ्या नळ्या घ्या. एकच नळी असली तर वळणावर हवा एका बॅगेतून दुसरीत पळते आणि गाडी जास्त झुकते. गाडी सपाट दिसण्याइतकी हवा भरू नका, थोडी बसलेली राहू द्या. बागायतीत जाताना बॅग कमीत कमी दाबावर, नाहीतर चाक लोंबताना ती ताणून फाटते. हे सगळं लक्षात ठेवणारा माणूस असेल तरच मी बॅग बसवतो. होडी सरकवून हुकवरचं वजन आटोक्यात आलं तर तुम्हाला बॅगेची गरजच पडू नये.

दोन इंच उचलणे: तुमच्या एकाही तक्रारीवर हे औषध नाही. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे ठोकळा घालून गाडी उचलली तर वजन उचलण्याची ताकद काडीचीही वाढत नाही. उलट ब्रेक आणि गिअरच्या ओढीने पाटा एस अक्षरासारखा मुरगळतो, प्रोपेलर शाफ्टला कोन येतो आणि गाडी थरथरते. लांब शॅकल घातलं तरी जितकं लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि शाफ्टचा कोन बिघडतो तो बिघडतोच. हुकही वर जातो, म्हणजे ट्रेलर नाक वर करून चालतो. फेरीबोटीच्या रॅम्पवर दोन इंच कामाला येतात हे खरं, पण त्यासाठी हुकचा तुकडा उंच-खाली करता येतो असा घ्या.

शॉकॲब्सॉर्बरविषयी एकच सांगतो, कारण विचारणारे बरेच असतात. ते वजन उचलत नाहीत. जाड शॉकॲब्सॉर्बर घालून बसणारी गाडी उठत नाही. त्यांचं काम पाट्याला नाचू न देण्याचं. साडेपाच वर्षांत, आपल्या चिऱ्याच्या रस्त्यांवर, तुमचे मूळचे मागचे दोन्ही बहुतेक संपलेले असणार. चढावर गाडी नाचते त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. बदला, मूळ लांबीचेच बदला.

पाट्याला हात लावला की त्याच्यामागे चार गोष्टी येतात. यू बोल्ट एकदा ताणले की ताणले, ते नवीनच घ्या. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्टही नवा. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर चाक पूर्ण लोंबल्यावरही सैल राहते का बघा. काही पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर एक दांडा असतो, तो चासीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगतो की गाडी किती भरली आहे. मागची उंची वाढली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तुमच्या गाडीखाली असा दांडा आहे का ते वाकून बघा. असेल तर पाटे बदलल्यावर तो नव्याने लावून घ्यायचा. दिवे तर लावून घ्यायचेच, समोरच्यांच्या शिव्या त्यासाठीच होत्या.

कायद्याचं थोडक्यात. पाटे वाढवले म्हणून आरसी बुकावरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी गाडीखाली वाकतो. मूळ उंची राखून थकलेला संच बदलणं आणि दोन इंच उचलणं यात फरक आहे तो अशा वेळी कळतो. तुमच्या गाडीने किती ओढायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा. आणि सातशे किलोच्या वरचा, स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर घेऊन चोर्ला घाट उतरायचा विचार असेल तर माझा सल्ला नाही असाच आहे. तिथे पाटे काहीही करू शकत नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. या रविवारी होडी मागे सरकवून हुकवरचं वजन मोजायचं. पुढच्या आठवड्यात शॉकॲब्सॉर्बर बदलायचे आणि बागायतीत हवा कमी करून एकदा जाऊन यायचं. मग महिनाभर गाडी वापरायची. त्यानंतरही रोजच्या वजनाला मागची बाजू बसलेली वाटली तरच एक पातळ लांब पाटा, किंवा संच थकला असेल तर नवा संच. बसवल्यावर पाचशे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा कसून घ्या. नवा संच आपली जागा धरतो तसे ते सैल होतात, आणि हे न करणाऱ्यांचा सेंटर बोल्ट कापला जाऊन ॲक्सल तिरका झालेला मी पाहिला आहे.

पाट्याची जाडी किती ते आत्ता सांगत नाही. काट्याच्या पावत्यांवरचे आकडे आणि हुकवरचा आकडा इथे लिहा, मागच्या दोन्ही चाकांच्या कमानीखालची उंची सेंटीमीटरमध्ये टाका. मग सांगतो.